उलटा लागलेला काठ

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. नागऱ्याच्या महादेवापुढं किती वेळा हात जोडले, पण तिथंही पावसापाण्याचंच बोलून आले. तुम्हाला सांगते. चौथीपर्यंत शिकले आहे, जमेल तसं लिहिते.

आधी गाडीचं सांगू — की सेवंताचं? दोन्ही एकच आहे.

सेवंता माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा टेकचंद, माझा दीर, आमगावच्या राईस मिलमध्ये विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा. आम्ही दोघी नव्या सुना होतो तेव्हा त्यानं अंगणात एक गाडी बांधली. ड्रमचा पत्रा कापून तिचं अंग केलं, स्कूटरची चाकं लावली, सीटखाली ट्रकच्या बॅटऱ्या ठेवल्या. पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज नाही. गाव तिला मुकी गाडी म्हणायचं. सीटचं कापड मी शिवलं, माझ्याच जुन्या लुगड्याचं. मधे एका ठिकाणी काठ उलटा लागला. उसवायचा मला कंटाळा आला. टेकचंद म्हणाला, "राहू द्या वहिनी, बसल्यावर कोनाले दिसते?"

गाडी आमगावच्या बाजारापर्यंत गेली. गोंदियाच्या कोण्या फोटोवाल्यानं तिथं तिचा फोटोही काढला. पण परत येताना ती वाटेतच बसली आणि बैलं जुंपून घरी आणावी लागली. बाजाराचा दिवस, सगळा रस्ता हसत होता. टेकचंदनं पुन्हा तिला हात लावला नाही. मग आम्ही तिच्यात कोंबड्या ठेवल्या, मग पत्रा भंगारात गेला. काही वर्षांनी टेकचंदही गेला. मूलबाळ नव्हतं. सेवंता आमच्यातच राहिली.

दोन जावा एका चुलीवर म्हणजे भांडण आलंच. भाजीच्या मिठावरून, धान वाळत घालण्यावरून. भांडताना ती कधीतरी म्हणायची, "माझ्या मालकानं गाडी चालवली होती, गावात कोनाच्या बापानं चालवली का?" की मी म्हणायची, "चालली ना वो — बैलांच्या मागं." सगळं घर हसायचं. ती उठून भांडी घासायला जायची. एवढ्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं त्या घरात मोठी होऊन राहिले.

आणि मला काय माहीत नव्हतं? त्या गाडीत मी स्वतः बसले होते. टेकचंदनं मला अंगणात गोल फिरवलं होतं. माझ्याखाली ती चालली होती — हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी अजाण होते.

मोबाइल गावात नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. नागपूरकडून एक माणूस आला. जुन्या गाड्यांची माहिती गोळा करायचा. गोंदियाच्या बंद पडलेल्या स्टुडिओत त्याला एक फोटो सापडला होता, मागं फक्त 'आमगाव' लिहिलेलं. गावोगाव दाखवत फिरत होता. म्हणाला, "आजी, हिला पुढं जाळी नाही, मागं धुराचा पाइप नाही. ही बॅटरीवर चालत असणार. त्या काळात इथं कोणी अशी गाडी बांधली असेल, तर त्याचं नाव मला पुस्तकात घालायचं आहे."

मी फोटो हातात घेतला. चालवणाऱ्याचं तोंड ओलीनं खाल्लं होतं. पण तो एका कडेला बसला होता, बाजूची सीट स्वच्छ दिसत होती. आणि सीटवर — मधोमध — उलटा लागलेला काठ.

सेवंता माझ्या शेजारीच बसली होती. तिच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकले होते, तिला काही दिसत नव्हतं. माझ्या देखत परक्यापुढं गाडीचं नाव काढायची तिला हिंमत नव्हती, मी हसेन म्हणून. तिनं विचारलं, "का आहे वो बाई त्यात?"

नाव पुस्तकात गेलं असतं, तर बैलांचं वाक्य मला पुन्हा बोलता आलं असतं का?

मी म्हटलं, "जत्रेतली आहे. कचारगडच्या जत्रेत फोटोवाले रंगवलेल्या फळीची मोटार ठेवतेत. लोक मागं बसून फोटो काढतेत, आमगावचा कोनी बसला असेल."

खोटं चांगलं होतं. तशा फळीच्या मोटारी जत्रेत असायच्याच. त्या माणसाचं तोंड उतरलं. सेवंता मात्र हलली नाही. हळूच म्हणाली, "बाई, सीटवर लुगड्याचा काठ दिसून राहिला का?"

"नाही."

"पाहा ना नीट."

"पाहिलं. एकदा सांगतलं ना!"

माणूस निघाला तेव्हा तिनं त्याच्याकडं फोटोची एक प्रत मागून घेतली. "राहू द्या हो. डोळे बनवून आली का पाहीन." आणि ती आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली.

माझा मुलगा तिला डोळ्यांच्या ऑपरेशनला गोंदियाला घेऊन गेला, त्या दिवशी मी तो फोटो चुलीत घातला. त्यावर चहा ठेवला. आणि प्यायले.

ती काळा चष्मा लावून परत आली. चप्पल काढून सरळ पेटीकडं गेली. पेटीतले कपडे बाहेर काढले, परत आत ठेवले, पुन्हा काढले.

"बाई, फोटू?"

"उधई लागली असेल."

पत्र्याच्या पेटीत उधई लागत नाही. कपड्यांना एक भोक नव्हतं. तिला ते दिसत होतं — आता तिला सगळंच दिसत होतं. तिनं चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "तुमचे केस लय पांढरे झाले वो बाई."

त्यानंतर तिनं गाडीचं नाव काढलं नाही. भांडणातसुद्धा नाही. भांडायचीच थांबली. मीठ कमी असलं तर तसंच खायची.

सेवंता मागच्या साली धानाच्या रोवणीच्या दिवसांत गेली.

गाडी खरी होती. आमगावच्या बाजारापर्यंत बैलांशिवाय चालली होती. माझा दीर टेकचंद यानं बांधली होती. सीटचा काठ उलटा होता, तो मी लावला होता.