दाढ दुसऱ्याची, कळ बाईंची

सोमवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर आडव्या झालेल्या गृहस्थांनी ‘आ’ केला. त्यांच्या डोक्याशी लाळ ओढणारी नळी धरून उभ्या असलेल्या बाईंनीही केला. मास्कच्या आतच केला, पण जबडा खाली गेल्यामुळे मास्क ओढला गेला आणि नाक उघडं पडलं. डॉक्टरांनी दाढेवर मशीन टेकवलं. बाईंच्या भुवया वर चढल्या, डोळे मिटले आणि मास्कमधून ‘स्स्’ असा आवाज आला.

डॉक्टरांनी मशीनच्या पेडलवरचा पाय काढला.

“बाई, दाढ कुणाची आहे?”

“यांची, डॉक्टर.”

“मग कळ तुम्हाला कशी येते?”

बाईंनी मास्क पुन्हा नाकावर ओढला. डॉक्टर हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी विचारतात आणि उत्तराची वाट पाहत नाहीत.

नेहमीचे पेशंट त्यांना आरसाबाई म्हणतात. समोरचा लंगडत आला तर त्याला खुर्चीपर्यंत नेताना बाईही दोन पावलं लंगडतात. कुणी जांभई दिली की त्यांची जांभई त्याच्या आधी संपते. बाळाला भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं, तेवढं जगात सगळ्यांचंच उघडतं. बाईंचं मिटत नाही, एवढाच फरक.

यात दैवी काही नाही. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना माकडांच्या मेंदूत काही पेशी सापडल्या. माकडाने दाणा उचलला की त्या पेटत, आणि दुसऱ्याने उचललेला नुसता पाहिला तरी पेटत. माणसातही करणं आणि पाहणं यांचे रस्ते बरेचसे एकच असावेत असं दिसतं. दुसऱ्याला सुई टोचताना पाहिलं, तर आपल्या स्वतःच्या दुखण्याच्या वेळी जागे होणारे मेंदूचे काही भाग जागे होतात. त्यामुळे माणूस दयाळू ठरतो का, यावर तज्ज्ञांची भांडणं चालू आहेत. रोज सुया टोचणाऱ्यांच्या मेंदूत ही जाग मंदावते, असंही आढळलेलं आहे. ते ठीकच आहे, नाहीतर दाढा कुणी काढल्या असत्या? डॉक्टरांची जाग मंदावून बरीच वर्षं झाली. बाईंच्या मेंदूला हा नियम कुणी कळवला नसावा.

डॉक्टर अलीकडेच सहानुभूतीचं दोन दिवसांचं शिबिर करून आले होते. तिथे शिकवल्याप्रमाणे ते आता मशीन सुरू करण्याआधी पेशंटच्या डोळ्यांत पाहून मान हलवतात. मग चष्म्यावर भिंग चढवतात, आणि त्यानंतर त्यांना दाढेशिवाय काही दिसत नाही. शिबिरातून आणलेला बोर्ड त्यांनी भिंतीवर लावला आहे: ‘तुमची वेदना, आमची वेदना’. खाली हसणाऱ्या माणसाचा फोटो, दात मोजता येतील असा.

सोमवारी खुर्चीवर असलेले गृहस्थ म्हणजे त्या इमारतीचे मालक. दवाखान्याची जागा त्यांचीच. रूट कॅनालचा पहिला टप्पा आटोपला. भुलीमुळे त्यांचं अर्धं तोंड बधिर झालं होतं आणि ओठ उजवीकडे लोंबत होता. काउंटरवर येऊन त्यांनी विचारलं, “फुढची वेळ?”

मास्क खाली करून बाई उभ्या होत्या. त्यांचाही ओठ उजवीकडे गेला. “शुक्रवारी, वरोवर दहाला.”

मालकांच्या तोंडावर त्यांची नक्कल करण्याची हिंमत आजवर भाडेकरूंपैकी कुणी केली नव्हती.

“वाझी नक्कल करता?”

“नाही हो, वालक!”

दार आपटलं. बाहेर बसलेले दोन पेशंट आपली दुखणी विसरून हसले.

डॉक्टरांनी बाईंना आत बोलावलं. “जागा त्यांची आहे. शुक्रवारपर्यंत चेहरा ताब्यात आणा, नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल.”

“डॉक्टर, तुम्हीच बोर्ड लावलाय ना, तुमची वेदना, आमची वेदना?”

“ते दवाखान्याचं धोरण आहे. तुम्ही मनावर घेऊ नका.”

बाईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट बिघडली तर काम, नाहीतर घरी बसणं. पहिल्या तारखेला घरात येणारा पगार एकच, बाईंचा. त्यामुळे त्या संध्याकाळी त्यांनी स्वयंपाक लवकर उरकला आणि स्टुलावर बसून चेहरा दगडासारखा करायचा सराव सुरू केला.

“दुसऱ्यांच्या दाढा हिला दुखतात,” सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. “माझ्या गुडघ्यांना तोंड असतं, तर त्यांचंही नशीब उघडलं असतं.”

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही. त्यांच्या गुडघ्यांनी बाईंच्या भुवया आजवर हललेल्या नाहीत. पण सासूबाई चेहऱ्यावरची रेघ न हलवता तक्रार करतात. बाईंपर्यंत चेहरे पोचतात, तक्रारी पोचत नाहीत.

नवऱ्याने परीक्षा घ्यायची ठरवली. समोर बसून त्याने चिमट्याने नाकातला एक केस उपटला. बाईंचं नाक आक्रसलं, डोळ्यांत पाणी आलं.

“नापास.”

“अहो, सांगून तरी उपटा!”

त्याने सांगून उपटला. पुन्हा नापास. चौथ्या केसाला तो स्वतःच उठून उभा राहिला. “बस झालं. नोकरी तुझी जायची आणि नाक माझं सुजायचं!”

“ओढ, ओढ अजून,” सासूबाई म्हणाल्या. “लहानपणी मी तुझी नखं कापायचे तर घर डोक्यावर घ्यायचास.”

गुरुवारपर्यंत काही जमलं नाही. शेवटी तोडगा डॉक्टरांनीच काढला. शुक्रवारी बाईंनी खुर्चीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि मागितलेलं हत्यार हात मागे करून द्यायचं. लाळेची नळी वाकवून पेशंटच्या ओठाला अडकवता येते. बाईंच्या नाकासमोर बोर्ड आला: ‘तुमची वेदना, आमची वेदना’.

मालक आले ते अट घेऊनच. “आज भूल बेताची द्या. दुपारी मला चार माणसांसमोर बोलायचंय. तोंड वाकडं नको.”

डॉक्टरांनी बेताची दिली. “दुखलं तर डावा हात वर करा,” असं सांगून डोळ्यांत पाहून मान हलवली आणि भिंग चढवलं. मशीन सुरू झालं.

मालकांनी हात वर केला नाही. पाठमोऱ्या बाई फोटोतल्या दातांकडे पाहत होत्या, त्यामुळे त्यांचा चेहरा चांगला हसरा होता. खोलीत कुणी ‘स्स्’ म्हणालं नाही. डॉक्टर कधी नव्हे ते न थांबता पुढे गेले, आणि मग मालकांनी तोंड मिटलं. आत डॉक्टरांच्या डाव्या हाताचं बोट होतं.

किंकाळी डॉक्टरांची होती. बाई गर्रकन वळल्या, तेव्हा त्यांनी एका हाताने स्वतःचा जबडा धरला होता आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या झटकत होत्या.

“हात वर करायला सांगितलं होतं ना?” डॉक्टर बोट नळाखाली धरून म्हणाले.

“हात काय वर करायचा? मी काय शाळेत आहे?” मालक थुंकून उठून बसले. “सोमवारी ही बाई स्स् करायची आणि तुम्ही थांबायचात. आज तिला भिंतीला का लावलंय?”

“तुम्हीच तक्रार केलीत.”

“मी बोलण्याची केली. स्स् ची कधी केली?”

“मी बाईंच्या स्स् वर थांबत नाही.”

“मग कशावर थांबता? मी वर बघत पडलेला असतो, मला दिसतं. तिचं तोंड वाकडं झालं की तुमचं मशीन थांबतं.”

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, अगदी तसंच. आपल्या तोंडाकडे बघून मशीन थांबतं, हे त्यांनाही नवीन होतं. इतकी वर्षं त्या स्वतःच्या ‘स्स्’ बद्दल फक्त बोलणी खात होत्या.

डॉक्टरांनी चूक कबूल केली नाही. बोटाला पट्टी बांधून त्यांनी ‘कामाच्या पद्धतीत सुधारणा’ जाहीर केली. दुसरी बाई बघण्याचा विषय त्या सुधारणेत नव्हता. मालकांनी जाता जाता एक अट घातली, ती मान्य झाली.

उद्या शनिवार. मालकांची उरलेली दाढ सकाळी दहाला आहे, या वेळी पुरेशा भुलीसह. नळी बाईंच्या हातात असेल आणि त्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, बोर्डाकडे पाठ करून, डॉक्टरांना भिंगाच्या कडेवरून दिसतील अशा उभ्या असतील. काउंटरवर पुढची वेळ मात्र, मालकांच्या अटीप्रमाणे, डॉक्टर स्वतः सांगणार आहेत.