पांढऱ्यातला निळा

आमच्या गॅरेजमध्ये गाडीचा रंग बघून हुबेहूब तसाच रंग तयार करणारा एकच माणूस होता. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मी तिथे बिलांचं काम बघतो. माझ्या खिडकीतून त्यांचं रंग मिसळायचं टेबल समोरच दिसतं.

गाडी आपटली की दार ठोकून सरळ करतात आणि मग त्या दाराचा रंग उरलेल्या गाडीशी जुळवावा लागतो. कंपनीच्या रंगाला नंबर असतो, पण चार उन्हाळे खाल्लेली गाडी त्या नंबरात राहत नाही. तिथे मास्तर लागत. डब्यात काठी फिरवायची, थेंब डाव्या अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, दारातल्या उजेडात जाऊन ते नख गाडीला चिकटवायचं आणि मान तिरकी करून बघायचं, ही त्यांची रीत. "पिवळा रुसलाय," असं पुटपुटत परत येत, थोडा पिवळा टाकत आणि पुन्हा दारात जात. त्यांनी मान सरळ केली की रंग जुळला असं समजायचं. दुसऱ्या कुणी नख पुढे केलेलं त्यांना खपत नसे.

या कामात त्यांच्या हाताखाली होता छोटू, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. एकही नोकरी धड टिकत नव्हती तेव्हा मास्तरांनी त्याला हाताला धरून इथे आणलं आणि पॉलिश पेपर घासण्यापासून सगळं शिकवलं. आता छोटूनं चाळिशी ओलांडली होती, डोक्यावरचं केसांचं छप्पर उडालं होतं, तरी सगळ्यांसाठी तो छोटूच राहिला.

मास्तरांनी पन्नाशी पार केली आणि माणूस हळूहळू बदलायला लागला. पहिली तक्रार अक्षरांची. "हल्ली डब्यांवर फार बारीक छापतात," म्हणत ते डबा हातभर लांब धरत. मग शब्द अडायला लागले.

"अरे, ती दे रे... ती... जिच्यातून रंग काढतो ती."

"गाळणी, भावोजी."

"मला माहितीये गाळणी! मी काय विसरलो होतो?"

राग तर नाकावरच बसलेला. ठोकाठोकी करणारा कारागीर शीळ घालतो म्हणून एकदा त्याच्यावर असे खेकसले की तो हातोडा टाकून उठला. तासाभरानं स्वतः त्याच्यासाठी चहा घेऊन गेले आणि चहा देताना त्यांचेच डोळे भरून आले. कारागीर मला म्हणाला, "साहेब, याच्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या."

सगळंच उतरणीला लागलं होतं असंही नाही. पूर्वी गिऱ्हाइकाशी हमरीतुमरीवर येणारे मास्तर आता भडकलेल्या माणसाचं शेवटपर्यंत ऐकून घेत आणि दोन वाक्यांत त्याला थंड करत. मालक हे टिपून होते. "मास्तर, पुढे काउंटरला बसा ना, मागे रंगात किती दिवस हात घालणार?" असं ते अधूनमधून म्हणत. मास्तर हसून उडवून लावत. ते टेबल सोडायची कल्पनाही त्यांना सोसत नव्हती.

एक दिवस छोटू मुलीच्या शाळेच्या कामासाठी रजेवर होता. त्या दिवशी एका गायन शिकवणाऱ्या बाईंची पांढरी गाडी होती. पांढरा सगळ्यात अवघड, कारण त्यात पिवळ्याची आणि निळ्याची नुसती चाहूल असते. मास्तरांनी रंग केला, फवाऱ्यावरच्या माणसानं मारला. बाई संध्याकाळी आल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "मास्तर, दाराला नीळ दिलीत की काय?"

मास्तर वाकले. मान तिरकी केली. सरळ केली. "कुठेय निळं?"

मी खिडकीतून बघत होतो. पांढऱ्या गाडीला ते दार दुसऱ्याच गाडीचं बसवल्यासारखं दिसत होतं.

मास्तरांनी आधी ट्यूबलाइटला दोष दिला. गाडी बाहेर ढकलत नेली. मग खालच्या लेपाला दोष दिला. मग फवाऱ्यावरच्या माणसाला.

तो वैतागला. "मास्तर, माझ्याकडे डबा आला तसा मी मारला. आज छोटू नव्हता, त्याला मी काय करू?"

"छोटूचा काय संबंध?"

त्यानं जीभ चावली. पण तोंडातून निघून गेलं होतं.

"बोल की!"

"तुम्ही डबा ठेवून गेलात की तो जरा... बघतो. पांढरा, निळा, राखाडी असला की. बरेच दिवस झाले."

मास्तरांनी मालकांकडे बघितलं. मालक म्हणाले, "वर्ष होत आलं असेल, मास्तर. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..." आणि बाईंना खुर्ची द्यायला वळले.

छोटू डब्यावर वाकलेला मीही कितीदा पाहिला होता. मला वाटायचं, रंगावर साय धरू नये म्हणून काठी फिरवतोय.

घरी काय झालं ते दुसऱ्या दिवशी मास्तरांनीच मला सांगितलं. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. त्यांनी चप्पलही न काढता विचारलं, "छोटू माझे रंग दुरुस्त करतो, माहितीये तुला?"

तिनं हातातला शर्ट झटकला, तारेवर टाकला. "माहितीये."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. त्यानं मला येऊन सांगितलं. मीच म्हटलं, बोलू नकोस."

"तू म्हटलंस?"

"अहो, तुमचे काळे आणि निळे मोजे मी वेगवेगळ्या खणांत ठेवते, ते कशासाठी? दोनदा एक काळा एक निळा घालून गेलात. सांगितलं असतं तर ऐकून घेतलं असतं? चहा गार झालाय म्हटलं तर कप आपटता."

"म्हणून तुम्ही बहीणभावानं मिळून मला वेड्यात काढलंत?"

"सांभाळलं," ती म्हणाली. "वेड्यात नाही काढलं. आणि माझं अंग भर थंडीत पेटतं, मी उठून खिडकी उघडते, तुम्ही म्हणता वारा येतो, बंद कर. ते तुम्हाला कधी दिसलं? ते तर काही निळं नव्हतं."

"तिचं खरं आहे," मास्तर मला म्हणाले. "पण एक सांगा, तिचं चुकलं नाही म्हणून माझं कमी दुखतं का?"

ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मोतीबिंदू निघाला असता तर बरं वाटलं असतं, काढून टाकता आला असता. डॉक्टर म्हणाले, काही आजार नाही, डोळ्याच्या आतलं भिंग वयाबरोबर पिवळट होत जातं, निळ्यातला बारीक फरक पुसट होतो. "मग मला कळलं कसं नाही?" मास्तरांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "कळणार कसं? बघता त्याच डोळ्यांनी ना."

परत आले आणि त्यांनी छोटूला सगळ्यांसमोर बोलावलं. छोटूची मान खाली.

"वर बघ. झालं ते झालं. हात माझा चांगला आहे, डोळा तुझा चांगला आहे. दोघं मिळून टेबल चालवू. पण यापुढे तोंडावर सांगायचं. निळा जास्त तर निळा जास्त. मी ओरडेन, शिव्या घालीन, तरी सांगायचं. माझ्यामागे डब्याला हात लावायचा नाही. जमेल?"

"जमेल, भावोजी."

"नक्की?"

"नक्की."

मग रोज तेच. मास्तर रंग करत, छोटूला म्हणत, बघ. छोटू दारात जाऊन बघे आणि म्हणे, "बरोबर आहे." राखाडी गाडी आली, बरोबर. पांढरी आली, बरोबर. एकही दार परत आलं नाही. मास्तर मला म्हणाले, "डोळा उतरलेल्या माणसाचा रंग एकदाही चुकत नाही. तुमच्या हिशेबात बसतं का हे?"

दोन-तीन दिवसांनी आणखी एक पांढरी गाडी आली. मास्तरांनी रंग केला. मग निळ्याचा डबा उघडला आणि त्यातला चांगला चमचाभर आत ओतला. त्यांनी हाक मारली.

"छोटू, बघ रे."

छोटूनं उजेडात बघितलं. त्याचा चेहरा क्षणभर हलला.

"एकदम बरोबर, भावोजी."

"नीट बघ."

"बघितलं ना. फर्स्ट क्लास."

"बरं. मी हात धुऊन येतो."

ते नळाकडे गेलेच नाहीत. समोरच्या गाडीच्या टपाआडून बघत उभे राहिले. छोटूनं इकडेतिकडे नजर टाकली, डब्यातला निम्मा रंग दुसऱ्या डब्यात काढला, वर पांढरा ओतला, मग पिवळ्याचं झाकण उघडलं.

"पिवळा किती घालतोस?"

छोटूच्या हातातली काठी थांबली.

"निळा मी मुद्दाम घातला होता," मास्तर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"भावोजी, मी काय करू? तुम्ही मला इथे आणलंत. काठी धरायला तुम्ही शिकवलंत. तुम्हाला दिसत नाही, हे माझ्या तोंडानं तुम्हालाच कसं सांगू? जीभ नाही वळत हो."

"डोळे न सांगता गेले. त्यांना तोंड नाही, त्यांना माफ आहे. तुला मी तोंडावर सांग म्हटलं होतं."

छोटू रडायला लागला. मास्तरांनी अ‍ॅप्रनची गाठ सोडली, अ‍ॅप्रन टेबलावर ठेवला आणि मालकांच्या केबिनमध्ये गेले. काउंटरची खुर्ची त्यांनी त्याच दुपारी घेतली. मालकांना फार आनंद झाला. त्यांना वाटलं, त्यांचंच म्हणणं शेवटी पटलं.

काउंटरवर ते झकास काम करतात. गिऱ्हाईक त्यांना मानतं. छोटू मागे टेबल सांभाळतो, त्याचे रंग चांगले असतात. दोघं बोलतातही, पण गाडी कधी द्यायची एवढंच. घरी बायकोनं काही बरं म्हटलं तरी मास्तर हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघत राहतात, हे तिनंच एकदा माझ्या बायकोला सांगितलं.

परवा ते नवीन शर्ट घालून आले. मागून येता येता छोटू म्हणाला, "वा भावोजी, शोभतोय तुम्हाला!" मास्तर तो गेल्यावर माझ्या खिडकीशी आले.

"खरं सांगा. शोभतो का?"

मी म्हटलं, "खांद्यात ढगळ आहे."

त्यांनी खांदा चाचपला. मग बराच वेळ माझा चेहरा निरखत राहिले, मी हे तरी खरं बोललो की त्यांना खरं ऐकायचंय म्हणून मुद्दाम एक खोट काढली, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.