शोभाकाकूंच्या स्वयंपाकघराचा फोटो

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याच्याशी मी सगळं बोलते — सासूबाईंच्या गुडघेदुखीपासून पोरांच्या शाळेपर्यंत. हे मात्र नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही, म्हणून असेल.

आदिलाबादेत एक मॅडम घरांची आतली सजावट करून देतात — मॉड्युलर किचन, कपाटं, छत. त्यांच्या मराठी जाहिराती मी लिहिते. घरी बसून, मोबाइलवर; गल्लीत हे कुणाला ठाऊक नाही. सुरुवातीला लिहायची, 'उत्तम दर्जा, वेळेत काम'. कुणाचाही फोन यायचा नाही. मॅडम म्हणायच्या, "पढ़ने वाले को कुछ लगना चाहिए."

काय वाटायला हवं? बरेच दिवस विचार केला आणि मला सापडलं — लाज. नवं हवं म्हणून माणूस फोन करत नाही. जुनं कुणी पाहील, या धास्तीनं करतो. हे सुचलं तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. तेही कबूल करते.

आमच्यापासून तिसरं घर शोभाकाकूंचं. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा. माझं माहेर लांब, बेज्जूरकडं. दोन्ही खेपांना दिवस गेले तेव्हा मला पोटात ठरेल असं काहीबाही करून घातलं ते काकूंनी. त्यांच्याकडं कुणी बैठकीत बसतच नाही. आलेला माणूस सरळ आत, चुलीपाशी. भिंत धुरानं काळी, मांडणी एका बाजूला कललेली, डब्यांना पोचे. मी तिथं किती वेळा जेवले असेन!

एका दुपारी काकू परसात कढीपत्ता तोडायला गेल्या. त्यांची नवी सून वैशाली माझ्याकडं पाठ करून भाकरी थापत होती. मी मोबाइल पाहतेय असं दाखवलं आणि फोटो काढला. घरी येऊन त्यातली वैशाली कापून टाकली — नुसती भिंत, मांडणी, डबे ठेवले. शेजारी मॅडमनी केलेलं चकचकीत किचन लावलं. वर लिहिलं, 'पाहुणे आले की स्वयंपाकघराचं दार ओढून घेता?'

फोनवर फोन आले. मॅडम खूश, मीही खूश. काकूंच्या घरातलं कोण पाहणार, असं मला वाटलं होतं — की मी तसा विचारच केला नव्हता? आता आठवत नाही.

चार दिवसांनी काकू आल्या. हातात मोबाइल. मुधोळच्या बहिणीनं त्यांना ती जाहिरात पाठवली होती, विचारलं होतं, हे तुझंच घर ना? काकूंना वाचायला नीट जमत नाही.

"वाच बरं," म्हणाल्या, "काय लिवलं हाये?"

मी वाचलं. माझंच वाक्य, त्यांच्यासमोर, मोठ्यानं.

काकूंनी मोबाइल परत घेतला, फोटो जवळ धरून पाहिला. मग म्हणाल्या, "मी कवा दार ओढलं वं?"

तेव्हाच सांगता आलं असतं. नाही का? रागावल्या असत्या, रडल्या असत्या, महिनाभर बोलल्या नसत्या.

"वैशालीनंच काढला असन," त्या म्हणाल्या. "ओटा बांधा, ओटा बांधा, करून राह्यली होती. तिले मायं घर आवडतच नाई."

आता ते सांगते, ज्यासाठी इतकं फिरून आले. मी गप्प राहिले असते तरी एक वेळ... मी गप्प नाही राहिले. मी म्हटलं, "असेल काकू. आजकालच्या पोरींचं काय सांगावं?"

ज्या फोटोत वैशालीची पाठ होती, तो तिनं काढला नाही हे जगात एकट्या मला माहीत होतं.

वैशालीनं पोटातल्या बाळाची शपथ घेतली — तिला तेव्हा दिवस गेले होते. काकूंनी ऐकलं नाही. त्या दिवसांत एकदा नळावर वैशालीनं माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. नवी सून, शेजारणीवर बोट कशी ठेवणार? पुढं काकूंचा मुलगा गणेश तिला घेऊन निर्मलला राहायला गेला. नोकरी तिकडंच होती, कारण तेवढंच सांगितलं. काकूंनी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. आता मीही बैठकीत बसते.

ती जाहिरात मी मॅडमना सांगून काढायला लावली. 'जुनी झाली' म्हटलं.

गेल्या आठवड्यात काकू निघाल्या होत्या निर्मलला, नातीला पाहायला. बारशानंतर पहिल्यांदाच. नवी साडी, हातात पिशवी. माझ्या दारात थांबल्या आणि घराची चावी पुढं केली.

"झाडायले पानी टाकजो," म्हणाल्या. "आन् माय, दुसऱ्या कोनावर माया भरोसा नाई."

मी चावी घेतली. म्हटलं, "निवांत जा काकू, मी आहे."