रॉकेलवरची गाडी आणि माझं एक खोटं

माझ्या नवऱ्याला निष्काळजी म्हणणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं.

निष्काळजी मी होते.

आज यांचा दहावा झाला. कावळा पटकन शिवला म्हणे. मुलगा घाटावरून आला आणि म्हणाला, "आई, बाबांचं काही राहिलं नव्हतं बघ."

यांचं नसेल. माझं राहिलंय. दुपारपासून या खोलीतून त्या खोलीत फिरत होते, एका जागी बसवत नव्हतं. आता लिहून टाकते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आमचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. हे यंत्रमागांचे सुटे भाग विकायचे आणि त्यासाठी एक जुनी विलायती मोटार ठेवली होती.

नाकावरचं कंपनीचं नाव कधीच गळून पडलेलं. आत इंजिन जीपचं. मागची सीट काढून माल ठेवायला फळ्या ठोकलेल्या. डावं दार आतून दोरीनं बांधायचं, नाहीतर वळणावर मी बाहेर.

लोक असली जुनी गाडी रविवारी पुसायला ठेवतात. आमची रोज मोहोळ नाहीतर दुधनी करायची. आणि घरी आली की हे परत तिच्याखाली! जेवायला तीन हाका माराव्या लागायच्या.

पेट्रोल महागलं, तशी यांनी तिला रॉकेलची सवय लावली.

दोन टाक्या आणि मध्ये एक पितळी कॉक. गाडी पेट्रोलवर सुरू करायची, इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायची. आणि घर जवळ आलं की आठवणीनं परत पेट्रोलवर. म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहतं आणि सकाळी गाडी सुरू होते.

विसरलात, तर सकाळी हँडल मारून मारून खांदा निखळेल, पण गाडी ढिम्म.

हा कॉक होता डाव्या बाजूला, माझ्या पायाशी. मी सोबत असले की ते काम माझं. जकात नाका आला की हे म्हणायचे, "फिरव."

त्या संध्याकाळी मी फुगून बसले होते. कारण काय, तर स्टोव्हचं रॉकेल. रेशनला रांग लावून आणलेला डबा यांनी मला न विचारता गाडीत ओतला होता.

"भाकरी कशावर करू? बॉनेटवर?"

"आणतो की गं उद्या."

"तुमचा उद्या मला माहितीय."

नाका आला. "फिरव," हे म्हणाले.

मी हाताची घडी घालून बाहेर बघत होते.

"फिरवला का?"

"फिरवला."

नव्हता फिरवला. म्हटलं, जरा वेळानं फिरवू, एवढी कसली घाई. मग घर आलं, सासूबाई दारातच उभ्या होत्या, मी पदर सावरत उतरले आणि साफ विसरले.

दुसऱ्या दिवशी शकूचा इंटरव्ह्यू होता. शकू म्हणजे माझी धाकटी नणंद. घरातली पहिली डी.एड. झालेली मुलगी. बार्शीच्या शाळेत जागा एकच, आणि दहा वाजता हजर व्हायचं.

ती एसटीनंच जाणार होती. हेच म्हणाले, "एसटीत साडी चुरगाळती. मी सोडतो की गाडीनं." यांच्या शब्दावर तिनं सकाळची एसटी सोडली.

गाडी सुरू झाली नाही.

यांनी हँडल मारलं. प्लग काढून पुसले. परत हँडल. घामानं शर्ट पाठीला चिकटला. मग वाकून कॉक बघितला आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी दारात उभी.

शकू रडकुंडीला आली होती. "काय झालं रे दादा?"

"मीच इसरलो गं. कॉक फिरवायचा ऱ्हायला."

सासूबाईंनी यांना त्या दिवशी काय काय बोलून घेतलं! यांच्या जागी मी, नवी सून, असते, तर मला माहेरची वाट दाखवली असती.

पुढच्या एसटीनं बार्शीला पोचायला साडेअकरा वाजले. जागा भरली होती.

पुढच्या वर्षी शकूचं लग्न झालं, बार्शीलाच. सासरच्यांना नोकरी नको होती. शकू कधीच शाळेत शिकवायला गेली नाही. आणि घरात काही कार्य निघालं की तिचं ठरलेलं, "आमचा दादा म्हंजे लई इसराळू!" सगळे हसायचे. हेपण हसायचे. मी खाली मान घालून वाढत असायचे.

एकदा मी यांना म्हटलं, "मी सांगते शकूला."

"कशाला? जुनं इंजिन उघडलं की चार नट उरत्यात."

आज दुपारी शकू यांच्या फोटोपुढं बसून परत तेच म्हणाली. "इसराळू हुता, पर मनानं लई चांगला."

मला राहवलं नाही. सगळं सांगितलं.

तिला माझा राग येईल असं वाटलं होतं. ती यांच्या फोटोकडे वळली. मग म्हणाली,

"लगीन झाल्यावर तीन वर्सं मी त्याला राखी बांधली न्हाय, वैनी. तो यायचा की. दारात गाडी चालूच ठिवून हुबा ऱ्हायचा. मी आतनं कडी लावून बसायची. मग जायचा."

मला हे काहीच माहीत नव्हतं.

कारण ती तिन्ही वर्षं हे बार्शीहून परत आले, तेव्हा मनगटावर राखी होती. मी विचारायचे, "शकू बरी आहे ना?" म्हणायचे, "मजेत."

मी शकूला हे सांगितलं. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. अजून बाहेर आलेली नाही. मी तिच्या दाराशी बसून हे लिहितेय.

अहो, तुमची माफी मागायची राहिली होती. आज सगळ्यांसमोर मागते.

तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.