शुक्रवारी रुसणारं पोवळं

आमच्या खालच्या मजल्यावरचा लूमवाला माग बंद पडला तरी ‘बिघडला’ म्हणत नाही, ‘रुसला’ म्हणतो. त्याच्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीतलं जिवंत पोवळंही त्याच्या मते रुसलं होतं. कडेचं मांस गळून पांढरं हाड दिसायला लागलेलं. सासरी गेलेल्या लेकीने ते चिमटीएवढं असल्यापासून वाढवलेलं. ती रोज फोनवर म्हणायची, “अब्बा, दाखवा ना.” हा घाबरून सांगायचा, “लाइट गेलीय, बेटा.”

पाणी तपासलं, मीठ तपासलं, सगळं ठीक. तरी हा काचेला कपाळ टेकवून उभा.

“काकी, शुक्रवारी जास्तच रुसतंय. मरंल का वो?”

बोलता बोलता त्याने टाकीत हात घातला, तसा मला अत्तराचा वास आला. तरुणपणी मी महामूर्ख, संशयाने नवऱ्याचे सदरे हुंगायची. घामाशिवाय काही सापडलं नाही, पण नाक तयार झालं.

“अरे, शुक्रवारी अत्तर लावून नमाजाला जातोस, आल्यावर हात धुतोस का?”

त्याचा चेहराच उतरला. त्याने थोडं पाणी बदललं, अत्तर शोषून घ्यायला टाकीत कोळशाची पिशवी सोडली. मग रोज जिन्यात गाठून विचारायचा, “वाचंल ना?” मला तरी काय ठाऊक!

ईदेला त्याने शीरखुर्म्याला बोलावलं. मी सवयीने नाक पुढे केलं. नव्या कुर्त्याला कसलाच वास नव्हता. टाकीत मात्र पांढऱ्या कडेवर नखाएवढा गुलाबी पदर चढला होता.

तेवढ्यात फोन वाजला.

“बघ बेटा,” तो ओरडलाच, “आज लाइट हाय!”