चार स्क्रू

ह्वाछ्यांगबेईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तिसऱ्या मजल्यावर, क्वांग रेनफूचं टेबल होतं. काड्यापेटीहून थोडे मोठे कम्प्युटर-बोर्ड घेऊन लोक यायचे आणि त्यांच्या मापाची पेटी करून न्यायचे. बिघडलेले बोर्डही तो बघे, पण आधी गिऱ्हाइकाची हजेरी घेई. "धातूची पेटी हवीय? मग अँटेनाच्या कोपऱ्यावर खिडकी ठेवा. नाहीतर बोर्ड आत बोंबलत बसेल आणि बाहेर कुणाला पत्ता लागणार नाही." बारा वर्षांत हे त्याने इतक्यांदा म्हटलं होतं, की शेजारच्या टेबलावरची बाई त्याच्या आधीच वाक्य पुरं करायची.

आई हुनानमध्ये, गावच्या घरी एकटी राहायची. थोरली बहीण चाओदी तिला छांगशा शहरात आपल्याकडे न्यायला निघाली होती, ट्रंकसुद्धा भरून झाली होती. रेनफूने मोडता घातला. आईला मी यंत्र करून देतो, बटण दाबलं की माझा फोन वाजेल, म्हणाला. मुलगा असताना आई लेकीच्या दारी राहिली तर गावात नाक कापलं जाईल, हे खरं कारण. ते तो बोलला नाही.

पहिली पेटी प्लास्टिकची होती. उंदरांनी ती कुरतडली, आतल्या बोर्डाचीही वाट लावली. म्हणून नववर्षाला तो नवा बोर्ड आणि अ‍ॅल्युमिनियमची पेटी घेऊन गेला. झाकणावर दीर्घायुष्याचं अक्षर कोरलेलं, कोपऱ्यात अँटेनासाठी खिडकी. बटण लांब वायरीने पलंगाच्या खुराशी बांधलं. आईने ते दाबलं, फोन वाजला, आई लहान मुलीसारखी हसली. मग त्याने झाकण बसवून चार स्क्रू आवळले. बाजारात सगळे असंच करतात. उघड्यावर तपासायचं, स्क्रू शेवटी.

"उगाच दाबू नकोस हं आई," निघताना तो म्हणाला. "मी गिऱ्हाइकात असतो."

आईने ऐकलं. उगाच कधीच दाबलं नाही.

एप्रिलात ती पलंगावरून उतरताना पडली आणि मांडीचं हाड मोडलं. तिसऱ्या दिवशी शेजारीण बांबूचे कोवळे कोंब द्यायला आली, तेव्हा सगळं संपलं होतं.

अंत्यसंस्काराच्या सकाळी रेनफू आईच्या खोलीत बसला आणि पेटी उघडू लागला. यंत्र चालूच होतं. चौथा स्क्रू निघाला, झाकण उचललं आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. थांबला, परत वाजला. आत अडकून पडलेले निरोप एकामागून एक बाहेर येत होते, प्रत्येकावर दाबल्याची वेळ. एकेचाळीस.

खिडकी डाव्या कोपऱ्यात होती आणि अँटेना उजव्या. या बोर्डांचा नकाशा सगळ्या जगाला खुला; जो तो त्यात फेरफार करतो आणि त्याच नावाने विकतो. रेनफूने पेटी जुन्या नकाशावरून कापली होती. नवा बोर्ड हातात असून मोजला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला त्याची कीव येते आणि रागही येतो.

दुपारी जेवायला नातेवाईक बसले. म्हातारी हट्टीच, मामा म्हणाले, मुलाने एवढं करून दिलं तरी वापरलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. रेनफू गप्प राहिला असता तर दोष आईच्या माथी जाऊन तिथेच मिटला असता. त्याने दोनदा वाटी उचलली, दोनदा खाली ठेवली.

चाओदी रडत रडत चिडली होती. "एक बटण दाबायला काय झालं होतं तिला? तुला त्रास नको म्हणून मरून गेली. असल्या मायेला काय जाळायचंय?"

"ताई, तिने दाबलं होतं," रेनफू म्हणाला. "पेटी माझी चुकली. एकेचाळीस वेळा दाबलं तिने."

त्याने फोन तिच्यापुढे सरकवला. चाओदीने डोळे पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या वेळेपासून एकेक वेळ मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सोमवार पहाटे पाच वाजून दहा. पाच अकरा. पाच अकरा. मामांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. मंगळवार संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या वेळा तिने वाचल्या, आणि कुणी तिला थांबवलं नाही.