पट्ट्याला चोळलेली राळ

तुमसरच्या राइस मिलमध्ये मी बरीच वर्षं फिटर होतो. तिथला रुंद पट्टा किंचाळला की तो घसरू नये म्हणून त्यावर राळ चोळायची आणि पुढच्या कामाला लागायचं, ही आमची पद्धत. त्या राळेनं माझा घात केला. खरं तर राळेचा काय दोष? नडला तो माझाच शहाणपणा.

आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पिंपळाचा पार तेवढा उघडा पडतो. मिल सोडून मी इंजिनाची नाव घेतली, तेव्हा बाबांनी एकच मागणं केलं, "मले एकडाव पारावर बसवून आण."

निघायच्या सकाळी नावेचा पट्टा किंचाळू लागला. इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप त्यावरच फिरतो. शेजारच्या नावेचा म्हातारा वाकून म्हणाला, "काळा भुगा पडून राहिला खाली. पुली वाकडी हाये, दोरी लावून पाह्य."

दोन्ही पुलींच्या तोंडावर दोरी ताणायची. चारही कडांना टेकली तर पुली एका रेषेत. पाच मिनिटांचं काम.

"मले पट्टे शिकवता का काका?" म्हणत मी राळ चोळली. आवाज थांबला. बाबा धुतलेलं धोतर नेसून, मांडीवर नारळ घेऊन बसले होते.

पार दिसू लागला आणि वाकड्या पुलीवर झिजलेला पट्टा तुटला. मला कळेपर्यंत इंजिन तापून बंद पडलं.

"काहून थांबली रे?" बाबांनी विचारलं.

त्याच म्हाताऱ्यानं आम्हाला ओढून काठावर आणलं. "उद्या माह्या नावेतून नेतो तुह्या बाबाले," तो म्हणाला. मी नको म्हटलं. मला बाबांना माझ्याच नावेतून न्यायचं होतं. बाबांनीही माझीच बाजू घेतली, "राहू दे. पार कुठी पळून जाते? पुढच्या उन्हाळ्यात जाऊ."

इंजिन दुरुस्त होईस्तोवर पाणी चढलं, पार बुडाला. धानकापणीच्या दिवसांत बाबा गेले. तो नकार मला अजून झोंबतो, पट्ट्यापेक्षा जास्त.

यंदा दोरी चारही कडांना टेकली. नाव एकदाही न कुरकुरता पारापर्यंत गेली. मी बाबांच्या नावानं नारळ फोडला. पारावर बसायची मात्र हिंमत झाली नाही.